काट्यावरची पेटी

गेल्या जुलैत मी माझ्याच मधघरात दोन दिवस कोंडले गेले, ती हकिगत आता खोऱ्यात पाच तऱ्हांनी सांगतात. एका तऱ्हेत तर मला अस्वलाने कोंडलं. तेव्हा म्हटलं, आपली आपणच सांगावी. झोफ्का आतल्या गाठीची, झोफ्का कुणाला ताकास तूर लागू देत नाही, हे माझ्याविषयी बोललं जातं ते खरंच आहे. आता लपवण्यासारखं काही उरलेलंही नाही.

माझं मधघर सुहा रेबरला आहे. स्नेझ्निक डोंगराच्या पायथ्याशी डांबरी रस्ता संपतो, तिथून लाकूडतोडीच्या वाटेने नऊ किलोमीटर आत, फरच्या दाट रानात. मधघर म्हणजे एक लाकडी खोली. समोरच्या भिंतीत बावीस पेट्या एकीवर एक बसवलेल्या, त्यांची तोंडं बाहेर उन्हाकडे आणि पाठी आत, कपाटासारख्या उघडणाऱ्या. त्यांच्या मागे माणसाने उभं राहून काम करण्यापुरता बोळ. त्यात एक बाक, एक खिडकी, एक दार. नवरा होता तेव्हा एका मे महिन्यात अस्वल आलं आणि सहा पेट्या फोडून, मध चाटून, माझ्या बाकावर घाण करून गेलं. सिरिलने मग खिडकीला बोटभर जाडीचे गज ठोकले आणि दार ओकचं केलं, बाहेर उघडणारं. अस्वल ढकलतं, ओढत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. भिंतीच्या पेट्या लोखंडी चौकटीत घट्ट केल्या. काम करताना तो शीळ घालत होता, आणि काम झाल्यावर म्हणाला, "आता आत यमदूतसुद्धा येणार नाही." त्याला यमदूताने गाठलंच, पण ते इस्पितळात, आठ वर्षांपूर्वी.

सुहा रेबरची गंमत अशी की तिथली फर दर दोन-तीन वर्षांनी पाझरते. झाडांवर मावा पडतो, त्या माव्याचा गोड चिकटा पानांवर चमकायला लागतो आणि माश्या तो वेड्यासारख्या गोळा करतात. त्याचा मध काळसर हिरवा, गोडीला जरा राळेचा वास. फुलांच्या मधाचं कौतुक बाकीच्यांनी करावं. आमच्याकडे खरा मान या मधाला. चिकटा कधी येईल आणि कुठल्या उतारावर येईल हे कुणी सांगू शकत नाही. पाऊस आला तर एका दुपारात सगळा धुऊन जातो. म्हणून खोऱ्यातला प्रत्येक मधपाळ जूनपासून दुसऱ्याच्या पेटीचं वजन किती वाढलं इकडे डोळे लावून बसतो.

आणि वजन बघायची सोय आमच्या मधपाळ संघाने करून ठेवलेली. दहा ठिकाणी एकेका पेटीखाली विजेवरचा काटा बसवला, त्याला काड्यापेटीएवढी डबी आणि डबीला बोटभर तार. आमच्या रानात मोबाईलला एक रेघ मिळत नाही, पण ही डबी तासातून एकदा चार आकडे पुटपुटते आणि झोपी जाते. वजन, आतली ऊब, ओल, आणि स्वतःची बॅटरी किती उरली ते. इतकं हळू पुटपुटते की एक बॅटरी तीन वर्षं पुरते, तरी तिचं पुटपुटणं नऊ किलोमीटरवरच्या टेकडीवरील चर्चच्या घंटाघरात ऐकू जातं. तिथे दुसरी डबी कान लावून असते. तिथून आकडे सगळ्यांच्या फोनवर. शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी टिंकारा हे सगळं सांभाळते. काटा फुकट मिळाला, पण एका अटीवर: आकडे सगळ्यांना दिसणार.

सिरिलने हसत हसत सही केली. त्याला लोकांचा भरवसा होता. मला नव्हता, आणि तो का नव्हता हेही सांगून टाकते, कारण त्यात माझीच लाज आहे. सिरिल जायच्या तीन वर्षं आधी, बोगोमिरच्या लिंडनच्या रानात फुलोरा जोरात असल्याचं त्याच्या काट्यावरून मला दिसलं. बोगोमिर म्हणजे आमच्या गावचा सुतार, सिरिलचा शाळेपासूनचा जोडीदार. सगळे त्याला बोगो म्हणतात. दुसऱ्याच्या रानात पेट्या न्यायच्या तर आधी त्याच्या घरी जायचं, त्याच्या टेबलाशी बसून विचारायचं आणि त्याने पेला भरून पुढे केला तरच गाडी काढायची, ही आमच्याकडची रीत. मी सिरिलला म्हटलं, विचारत बसलो तर फुलोरा संपेल. पहाटे वीस पेट्या गाडीत घालून आम्ही बोगोच्या रानात टाकल्या. बोगो भांडला नाही. फक्त त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचा थांबला. लोक काय करतात ते मला माहीत होतं, कारण मी ते केलं होतं.

म्हणून सिरिल गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी काट्याचा बंदोबस्त केला. काट्यावरची पेटी कोपऱ्यात एकटी, तिच्यावर दुसरी पेटी नाही. मी तिच्या चारी बाजूंनी पट्टा घेतला, वरच्या तुळईला कप्पी लावली, कप्पीवरून दोर घेतला आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला दुधाचा जुना कॅन टांगला. पेटीत तीन किलो मध आला की कॅनमध्ये तीन किलो दगड. पेटी वर ओढली जाते, काट्याला भार कळत नाही, डबी आपली इमानदारीने खोटं पुटपुटते. आमच्याकडे चुनखडीला काय तोटा. दगड मी घरूनच स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून, खडूने आकडे लिहून नेत असे.

पण चिकटा दिवसा येतो आणि डबी दर तासाला बोलते. एकदम तीन किलो उतरले तर लोकांना वास येणार. म्हणून फर पाझरायला लागली की मी तिथेच मुक्काम ठोकायची आणि सकाळ-संध्याकाळ छोटे छोटे दगड टाकायची. आठ वर्षांत मी जुलैत कुठे गेले नाही. माझी मुलगी दार्या त्रिएस्तेला असते, तिची दोन्ही बाळंतपणं जुलैत झाली. मी दोन्ही वेळा पाठदुखी सांगितली.

त्या सोमवारी मात्र मी दोन थापा मारल्या होत्या. दार्याला सांगितलं, पेन्शनरांबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यांना चालले, पाच दिवस फोन लागणार नाही. शेजारणीला सांगितलं, दार्याकडे चालले. गाडी नेहमीप्रमाणे वाटेपासून दूर, फांद्यांखाली घातली. इतकी चोख व्यवस्था की मला शोधायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला वारा सुटला. मी आत होते, काट्यावरच्या पेटीची पाठ उघडून पोळ्यांच्या चौकटी बघत होते. पेटीच्या वरच्या कप्प्यातल्या दहाच्या दहा भरलेल्या, मेणाने पांढऱ्या झाकलेल्या. असा चिकटा मी सिरिलच्या वेळीसुद्धा पाहिला नव्हता. वाऱ्याचा आवाज ऐकून मी देवाला म्हटलं, वारा चालेल, पाऊस नको. देवाने ऐकलं. पावसाचे चार थेंब पडले, आणि मग फरचं एक झाड मुळासकट येऊन माझ्या दारावर आडवं झालं.

आवाज सांगता येत नाही. छपराचा कोपरा आत आला, मी बाकावरून फेकले गेले आणि डावं मनगट अंगाखाली सापडलं. माश्या बाहेर एका सुरात ओरडल्या. धूळ खाली बसल्यावर मी दार ढकललं. दार बाहेर उघडणारं, आणि बाहेर त्या झाडाचं खोड. कागद सरकेल एवढीसुद्धा फट पडली नाही. खांदा लावला, लाथा घातल्या, मग सिरिलला शिव्या घातल्या. खिडकीचे गज एका हाताने हलवून पाहिले. माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकच काम अर्धवट न सोडता केलं होतं, ते हे.

मग ओरडले. नऊ किलोमीटरपर्यंत माणूस नाही हे माहीत असून घसा बसेपर्यंत ओरडले.

मुक्कामाचा शिधा आणि पाणी गाडीतच राहिलं होतं. आत माझ्याकडे अर्धा लिटर लिंडनच्या फुलांचा चहा होता, निम्मा पाव आणि सॉसेजचा तुकडा. बाकी मध. बावीस पेट्या मध. तहानेने जीव जात असताना मध खाऊन बघा, म्हणजे कळेल. खिडकीबाहेर वळचणीखाली माश्यांसाठी पाण्याचं पिंप ठेवलेलं, शेवाळलेलं, काठोकाठ भरलेलं. गजांतून हात घातला तर बोटं आणि पाणी यांत दीड हात अंतर राहत होतं. मी पंच्याला दोरी बांधून टाकून पाहिलं, तर पहिल्याच झटक्याला दोरी पिंपाच्या काठाच्या खिळ्यात अडकून तुटली. पंचा पाण्यावर तरंगत राहिला. पुढचे दोन दिवस मी त्याच्याकडे बघत होते.

मंगळवारी सकाळी उठले. उठले म्हणजे बाकावर पडल्या पडल्या उजाडलं. मनगट सुजून भाकरीएवढं झालेलं. आणि मी पहिलं काम काय केलं असेल? खडूचा आकडा वाचून सव्वा किलोचा दगड कॅनमध्ये टाकला. टाकल्यावर माझं मलाच हसू आलं आणि हसताना भीती वाटली. इथे मरायला टेकले तरी हात आपला दगड टाकतोय.

तेव्हा डबी दिसली. आठ वर्षं मी जिला फसवलं ती डबी, कोपऱ्यात, हिरवा ठिपका मिणमिणवत. बाहेरच्या जगाशी बोलणारं तेवढंच एक तोंड या खोलीत होतं.

टिंकाराने एकदा सांगितलेलं आठवलं की डबी बरोबर तासाच्या ठोक्याला बोलते आणि बोलताना हिरवा ठिपका एकदा लखलखतो. मी घड्याळ काढलं. दहाच्या ठोक्याला पेटीवर सगळा भार टाकून रेलले. ठिपका लखलखला. अकराला हात लावला नाही. बाराला परत रेलले. एकला नाही. मनात म्हटलं, बघणाऱ्याला दिसेल: सदतीस, सत्तर, सदतीस, सत्तर. माश्या असं करत नाहीत. ज्याला थोडीही अक्कल आहे त्याला कळेल की आत माणूस आहे.

चारपर्यंत कुणी आलं नाही. सहापर्यंत नाही. मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. झोफ्काचा काटा वेड्यासारखा करतो यात नवीन काय? मागच्या आठ वर्षांत दोर सरकला, कप्पी अडकली, कॅन पेटीवर आदळला, असं कितीदा झालं. तीन वेळा टिंकारा काटा दुरुस्त करायला निघाली होती आणि तीन वेळा मी तिला वाटेतच गाठून परत पाठवलं होतं, उंदीर आहे गं, वारा आहे गं, तू कशाला येतेस. माझ्या काट्यावर विश्वास ठेवायचं लोकांनी कधीच सोडून दिलं असणार. म्हणजे मी बोलत होते, आकडे जात होते, सगळ्यांच्या फोनवर दिसत होते, आणि तरी ऐकणारं कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी चहा संपला.

आता माझ्या हातात एकच गोष्ट होती आणि ती मला दुपारपासून दिसत होती. मी तिच्याकडे बघत नव्हते इतकंच. दोर कापायचा. दोर कापला की कॅन खाली येईल आणि पेटीचं खरं वजन काट्यावर बसेल. एका तासात एकतीस किलो चढलेले दिसतील. अडुसष्ट किलोची पेटी! आमच्या खोऱ्यात असा आकडा बघितला की माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो. कुणी झोफ्कासाठी येणार नाही, पण चिकट्यासाठी येतील. बोगो येईल, त्याचा भाऊ जानेझ येईल, पलीकडच्या खोऱ्यातले येतील, गाड्या भरभरून पेट्या आणतील. आणि त्या गर्दीत कुणाला तरी माझं दार दिसेल.

आणि मग सुहा रेबर माझं राहणार नाही. एकदा लोकांना वाट कळली की पुढच्या वेळी, त्याच्या पुढच्या वेळी, कायमचं. हे रान सिरिलने शोधलं होतं. इथल्या बाकावर बसून आम्ही भांडलो होतो, जेवलो होतो, दार्याचं नाव इथे ठरलं होतं. तो गेल्यावर मला कुणी विचारलं, तुझं कसं चाललंय, तर मी म्हणायची ठीक. पण मनात म्हणायची, माझ्याकडे सुहा रेबर आहे आणि तुम्हाला पत्ता नाही. तेवढ्यावर मी हिवाळे काढले.

म्हणून मी दोर कापला नाही. मरायला टेकले होते आणि कापला नाही. कुणाला खरं वाटणार नाही, पण बुधवारचं ऊन खिडकीत येईपर्यंत मी हातात सुरी घेऊन बसून राहिले. जीभ टाळूला चिकटलेली, ओठ फुटलेले. सिरिलशी भांडले. माश्यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. त्या आपल्या चिकटा आणत होत्या. जात होत्या, येत होत्या, माझ्या डोळ्यांसमोर त्यांची दारं सताड उघडी होती. पिंपावर शेकडो माश्या पाणी पीत होत्या. एक माशी खिडकीतून आत आली, गजावर बसली, तोंड पुसलं आणि गेली. मला तिचा इतका राग आला की मी तिला तिच्या आईवरून शिवी दिली.

साडेदहाला उभी राहिले तर डोळ्यांपुढे काळोख आला आणि मी कप्पीच्या दोराला धरून खाली बसले. तेव्हा मात्र कळलं की आणखी एक दिवस नाही. मला दार्याची धाकटी आठवली, तिला मी एकूण चार वेळा पाहिलंय. तिला वाटेल आजी गरम पाण्यात डुंबतेय.

मी दोर कापला. एका हाताने, मध कापायच्या बोथट सुरीने, त्याला वीस मिनिटं लागली. कॅन जमिनीवर आदळला, दगड बोळभर पसरले, पेटी काट्यावर बसली आणि पेटीतल्या माश्या एकदम गुरगुरल्या. अकराच्या ठोक्याला हिरवा ठिपका लखलखला. मी खाली दगडांत बसून रडले. पाणी नव्हतं तरी कुठून आलं कोण जाणे.

मग वाट बघणं. बारा. परत लखलख. आता सगळ्या खोऱ्याला दिसलं असेल. मी मनातल्या मनात गाड्या मोजल्या. बोगोची निळी पहिली असणार, पेट्या आधीच भरून तयार असतील. मी काय म्हणेन तेही ठरवून टाकलं. म्हणेन, घ्या, सगळं घ्या, आधी पाणी द्या.

एक वाजायला दहा मिनिटं असताना इंजिनाचा आवाज आला. मला ओरडायचं होतं पण घशातून नुसती हवा आली. मी खडूने आकडा लिहिलेला एक दगड उचलून गजांवर बडवायला लागले.

"आहे! जिवंत आहे! आत आहे!" हा बोगोचा आवाज. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याविषयी काहीतरी बोलत होता.

मग करवतीचं यंत्र सुरू झालं. गावच्या अग्निशमन पथकातले दोन गडी खोडावर चढले. खिडकीपाशी टिंकारा आली, तिने गजांतून बाटली दिली. "हळू, मावशी, हळू. एकेक घोट. आधी ओठ ओले करा."

मी एकेक घोट प्यायले नाही. अर्धी बाटली रिचवली, ओकले, उरलेली रिचवली. मग तोंड पुसून खिडकीबाहेर डोकावले. वाटेवर बोगोची निळी गाडी होती, तिच्यामागे पथकाची लाल. निळ्या गाडीचा हौदा रिकामा. म्हणजे एक जाडजूड साखळी, एक जॅक आणि घोंगडी होती. पेटी एकही नाही.

"पेट्या कुठायत?" मी विचारलं.

"कसल्या पेट्या?" बोगो म्हणाला. त्याचे केस भुशाने भरले होते.

"अडुसष्ट किलो दिसले ना तुला?"

"दिसले."

"मग?"

त्याने करवत बंद केली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परदेशी भाषेत बोलतेय. "अगं बाई, अकरा वाजता फोन बघितला आणि माझ्या हातातला रंधा पडला. सुहा रेबरला खरा आकडा! मी हिला फोन केला, म्हटलं, टिंकारा, झोफ्का मेली नाहीतर मरायला टेकलीय. ती शुद्धीत असताना हा आकडा कुणाला दिसणार नाही."

"मी घरून तशीच निघाले," टिंकारा म्हणाली. "तुमच्या दार्याला फोन केला, तर ती म्हणाली आई झऱ्यांना गेलीय. शेजारीण म्हणाली दार्याकडे. तेव्हा खात्रीच झाली."

खोडाचा तुकडा बाजूला पडला. दार चार बोटं उघडलं, मग हातभर, आणि बोगोने मला काखेत धरून बाहेर ओढलं. उन्हात पाय टेकवले आणि गवतात बसकण मारली. पथकातल्या एकाने माझं मनगट फळीला बांधलं. बोगो आत जाऊन आला. बोळातले दगड, कप्पी, कापलेला दोर, सगळं त्याने पाहिलं असणार. मी मान खाली घातली.

"एकतीस?" त्याने विचारलं.

"एकतीस."

"माझा अंदाज अठ्ठावीसचा होता," तो टिंकाराकडे वळून म्हणाला. "जानेझ जिंकला."

मला आधी कळलंच नाही. "कशाचा अंदाज?"

टिंकाराने ओठ चावला. बोगोने खांदे उडवले. "दर शनिवारी पैज लावतो आम्ही. झोफ्काने या आठवड्यात किती दगड टाकले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षीपासून संशय होता. मग तो दुष्काळी उन्हाळा आठवतो? चिकटा आलाच नाही, माश्यांनी साठवलेलं खाऊन टाकलं, आणि तू दगड काढायला विसरलीस. ऑगस्टमध्ये तुझी पेटी सतरा किलो दाखवत होती. नुसती रिकामी पेटी चोवीसची असते, झोफ्के. त्या महिन्यात तुझ्या माश्या हवेत तरंगत होत्या."

पथकातला गडी फिसकन हसला आणि खोकल्याचं सोंग केलं.

"काल, मंगळवारचं काय?" मी म्हटलं. "मी दर दोन तासांनी पेटीवर रेलत होते. दिसलं नाही?"

"दिसलं," टिंकारा अपराधी आवाजात म्हणाली. "आम्हाला वाटलं, कॅन बदलताय."

मला संताप आला. तहान गेली, दुखणं गेलं, नुसता संताप. आठ वर्षं. आठ जुलै महिने मी चोरासारखी गाडी फांद्यांखाली घातली, शेजारणीशी खोटं बोलले, मुलीच्या बाळंतपणाला गेले नाही, खडूने आकडे लिहीत बसले. आणि इकडे खोरंभर लोक शनिवारी पेले भरून माझे दगड मोजत होते.

"आणि आला का नाहीत?" मी ओरडले, म्हणजे ओरडल्यासारखं काहीतरी केलं. "चिकटा आहे हे माहीत होतं, जागा माहीत होती, मग पेट्या का नाही आणल्या कुणी? तुमच्या जागी मी नसते थांबले!"

"तू नसतीस थांबलीस ते मला ठाऊक आहे," बोगो म्हणाला. तेवढंच म्हणाला. त्याचा लिंडनचा फुलोरा आम्हा दोघांच्या मधे क्षणभर उभा राहिला आणि त्याने तो जाऊ दिला.

"मग निदान सांगायचं तरी," मी म्हटलं. "आठ वर्षांत एकाच्याही तोंडून निघालं नाही? झोफ्के, आम्हाला कळलंय, बस कर आता, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

बोगो माझ्याजवळ गवतात बसला. गुडघे धरून, सुतार बसतात तसा. माझ्याकडे न बघता मधघराकडे बघत होता, छपराचा कोपरा मोडलेला, आणि माश्या तरी त्याच घाईने आत-बाहेर करत होत्या.

"पहिल्या वर्षी मी निघालो होतो सांगायला," तो म्हणाला. "पार तुझ्या फाटकापर्यंत आलो. तू अंगणात दगड तोलत होतीस. सिरिलला जाऊन चार महिने झाले होते, आणि त्या चार महिन्यांत मी तुला पहिल्यांदा घराबाहेर बघत होतो. मी परत फिरलो. सगळ्यांना सांगितलं, कुणी बोलायचं नाही. सांगितलं असतं तर तू इथे यायची थांबली असतीस. मग कुठे गेली असतीस?"

मी आणखी पाणी मागितलं.